एकशे वीस पोती

आमच्या घरी माझी नोकरी कोणालाच नीट सांगता येत नसे. पापडी गावच्या बाजारात कोणी विचारलं तर आई म्हणायची, "विमान मोडतं का, ते बघतो." त्यावर हंसामावशी एकदा म्हणाली होती, "मग न मोडणारीच करा म्हणावं की! मोडायला कशाला पगार देतात?"

खरं तर आईचं उत्तर बरोबर होतं. मी काहीच बांधत नसे. दुसऱ्यांनी बांधलेलं कुठे, किती भाराला आणि कशामुळे मोडेल ते मी कागदावर काढत असे. कारखान्यात मला सगळे 'स्ट्रेसवाले' म्हणत, स्ट्रेस म्हणजे ताण.

साल १९५५. मी तेवीस वर्षांचा होतो. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि स्लाइड रूल, म्हणजे हिशोबाची सरकती पट्टी, खिशाला लावून हिंडण्याचा मला फार अभिमान होता. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला, मिठागरांच्या कडेला, लढाईच्या दिवसांत बांधलेली एक लांबलचक पत्र्याची शेड होती. तिथे एका लहान कंपनीने ग्लायडर बांधायचं काम घेतलं होतं. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं लाकडी विमान. छात्रसेनेतल्या मुलांना उडायला शिकवण्यासाठी संरक्षण खात्याला अशी चाळीस विमानं हवी होती. मात्र पहिलं विमान उडण्याआधी त्याचा पंख भार सोसतो हे सरकारी तपासनिसासमोर सिद्ध करायचं होतं. तो भार किती, तो पंखावर कुठे किती ठेवायचा, हे ठरवण्याचं काम माझं.

पद्धत सोपी आहे. उडताना हवा पंखाला खालून वर ढकलते. जमिनीवर तसं करता येत नाही. म्हणून पंख उलटा करून लोखंडी चौकटीला बांधायचा आणि त्यावर वजनाची पोती रचायची. उड्डाणात येईल त्याच्या दीडपट भार ठेवायचा आणि तो पंखाने तीन सेकंद पेलायचा. आमच्या एका पंखाला तीन हजार रत्तल, म्हणजे पौंड, भार लागत होता. पंचवीस रत्तलांचं एक, अशी एकशे वीस पोती.

पोत्यांसाठी कोरडी नदीची रेती मागवली होती. ती वेळेवर आली नाही. फेब्रुवारी संपत आला होता आणि कारखान्याचे मुख्य इंजिनिअर, ज्यांना सगळे चीफसाहेब म्हणत, रोज विचारत होते. मग मीच सुचवलं की, खाडीची रेती घेऊ. हमालांचा मुकादम जयराम खाडीपलीकडच्या गावचा. त्याने दोन होड्या भरून रेती आणली. ती ओलीच होती. खाडीतून काढलेली रेती ओली असायचीच, त्यात काय विशेष?

प्रत्येक पोतं मी स्वतः जोखलं. पाव रत्तलाचाही फरक मी सोडला नाही. एखादं पोतं किंचित जड भरलं की मी जयरामला मूठभर रेती काढायला लावायचो, हलकं भरलं की चिमूटभर घालायला.

"सायेब, तुमी सोनाराकडं कामाला होताव का?" त्याने मला विचारलं होतं.

"का रे?"

"नाय, रेती अशी जोखतान कोन? आमच्या बायकोच्या नथीला पन येवढा येळ नाय लागला."

मी हसलो होतो. ते हसणं चांगलं होतं. दोन दिवसांत एकशे वीस पोती भरून झाली. प्रत्येकाचं तोंड तारेने बांधून त्यावर शिशाचं सील दाबलं आणि रंगाने आकडा घातला. वजनाच्या दाखल्यावर मी सही केली. पोती शेडच्या दक्षिणेकडच्या भिंतीला, पत्र्याखाली रचून ठेवली.

चाचणी मार्चमध्ये व्हायची होती. तपासनिसांची तारीख पुढे गेली, मग आणखी एकदा गेली. अखेर चाचणी ठरली ती मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय माझा दोष पुरता कळणार नाही. माझ्या कामाचा एक भाग लाकडाचा होता. ओलं लाकूड कमी भार सोसतं. म्हणून येणाऱ्या प्रत्येक फळीचा एक तुकडा कापून मी तो जोखायचो, गरम पेटीत वाळवायचो आणि पुन्हा जोखायचो. जी तूट येई ते त्यातलं पाणी. हे मी रोज करत होतो. सकाळी आल्यावर माझं पहिलं काम तेच होतं. ओली वस्तू वाळली की हलकी होते, हे वसईत मला जितकं ठाऊक होतं तितकं क्वचितच कोणाला असेल.

चाचणीच्या दिवशी सगळा कारखाना भोवती जमला होता. तपासनीस खुर्चीवर बसले होते, शेजारी चीफ उभे. पंख ज्यांनी बांधला ते फर्डिनंड मेस्त्री चौकटीला टेकून उभे होते. मेस्त्री आमच्या पापडीचे. त्यांनी आयुष्यभर बागायतीतले रहाट केले होते, आणि मला ते लहानपणापासून 'विद्या' म्हणत. मी तक्ता हातात घेऊन आकडे पुकारत होतो आणि जयरामची सहा माणसं पोती रचत होती. सगळ्यांत आधी पोतं जयरामच्या हातात यायचं, मग पुढे जायचं.

दुसरी रांग चालू असताना जयराम थांबला. त्याच्या तळहातावर एक पोतं होतं. त्याने ते खाली-वर केलं, जसं आई बाजारात नारळ घेताना करते.

"सायेब," तो म्हणाला, "पोती हलकी लागतान."

"काय?"

"हलकी झाल्यान. येकदा जोखून बघा."

वजनाचा काटा माझ्यापासून दहा पावलांवर होता. मी नंतर मोजलं, म्हणून सांगतो. एक पोतं उचलून त्यावर ठेवायला एक मिनिटही लागलं नसतं. पण तपासनीस माझ्याकडे पाहत होते, चीफ पाहत होते, आणि दाखल्यावर माझी सही होती.

"सील तुटलंय का, जयराम?" मी विचारलं.

"नाय."

"मग आतली रेती काय पंख फुटून उडाली? अरे, आपल्याला ग्लायडर उडवायचंय, पोती नव्हेत!"

सगळे हसले. तपासनीसही हसले. एकनाथ स्टोअरकीपर तर मोठ्याने म्हणाला, "जयरामनं आज जास्त भाकरी खाल्ली असेल, म्हणून पोतं हलकं लागतंय!" त्यावर आणखी हशा झाला. मीसुद्धा हसलो. माझा विनोद सगळ्यांना आवडला याचा मला आनंद झाला होता, हे मला स्पष्ट आठवतं.

जयराम हसला नाही. चिडलाही नाही. त्याने पोतं पुढे दिलं आणि पुढचं घेतलं.

एकशे विसावं पोतं ठेवलं. पंखाचं टोक वीतभर खाली वाकलं होतं. मी मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन." आणखी दहापर्यंत मोजलं. पंख मोडला नाही. टाळ्या झाल्या, तपासनिसांनी सही केली, चीफनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि आणलेले पेढे वाटले. जयरामनेही पेढा घेतला, पण खाल्ला नाही. कागदात बांधून खिशात ठेवला.

संध्याकाळी पाचचा भोंगा झाला. माणसं पांगली. मी पोती मोजून भिंतीकडे परत लावल्याची नोंद करायला थांबलो होतो. कुतूहल ही माझी जुनी खोड. एक पोतं उचललं आणि काट्यावर ठेवलं.

पावणेबावीस रत्तल.

मला वाटलं काटा बिघडला. पितळी वजनं ठेवून काटा तपासला, बरोबर होता. मग आणखी अकरा पोती जोखली. सगळ्यांची सरासरी पावणेबावीसच आली. एका पोत्याला तळाशी मी नख लावलं, तर कापडावर पांढरं मीठ फुललं होतं. खाडीचं पाणी कापडातून बाहेर येऊन उडून गेलं होतं, मीठ मागे राहिलं होतं. अडीच महिने, पत्र्याखाली, मार्च आणि एप्रिलच्या उन्हात.

स्लाइड रूलची गरजही पडली नाही. तीन हजारांऐवजी दोन हजार सहाशे दहा. शंभरातले सत्त्याऐंशी. आमच्या पंखाने शंभरातले सत्त्याऐंशी पेलले होते, आणि कागदावर लिहिलं होतं शंभर.

मी तेव्हाच चीफकडे जायला हवं होतं. ते ऑफिसातच होते. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ते टेलिफोनवर कोणाला तरी आनंदाने सांगत होते. मी सायकल काढली आणि घरी गेलो. आईने विचारलं, "मोडलं का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "बघ, मी गणपतीला सांगितलंच होतं."

पुढचे बारा दिवस मी स्वतःला एकच गोष्ट सांगत होतो. माझ्या हिशोबाने पंख शंभर नव्हे, एकशे बारा पेलायला हवा. म्हणजे पोती थोडी कमी पडली तरी काय बिघडलं? हिशोब बरोबर आहे. मी तो दोनदा तपासला, मग तिसऱ्यांदा. पण तिसऱ्यांदा तपासताना मला कळत होतं की, हिशोबावर माझा विश्वास असता तर मी पोत्यांना घाबरलो नसतो. नुसत्या हिशोबावर भागलं असतं तर चाचणी घेतलीच कशाला असती? शेडच्या दुसऱ्या टोकाला तीन ग्लायडर उभी राहत होती. पहिल्याचे पंख जोडून झाले होते. जूनमध्ये त्यात कोणाचा तरी मुलगा बसणार होता.

जयरामची नजर मी टाळत होतो. तो रोजच्यासारखा "सायेब, सलाम" म्हणायचा. मी मान हलवून कागदात डोकं घालायचो.

तेराव्या दिवशी, एका शनिवारी, एकनाथला शेपटीच्या चाचणीसाठी तीच पोती हवी होती. तो काटेकोर माणूस. त्याने नियमाप्रमाणे दोन पोती जोखली. मग दहा जोखली. मग धावत चीफकडे गेला.

अर्ध्या तासाने मला बोलावणं आलं. खोलीत एकनाथ होता, फर्डिनंड मेस्त्री होते, आणि दाराशी जयराम उभा होता. टेबलावर एक पोतं होतं.

"विद्याधर," चीफ म्हणाले, "तू भरताना ही पंचवीस होती?"

"होती, सर."

"नक्की?"

"नक्की."

"मग प्रत्येकातून सव्वातीन रत्तल गेली कुठे? एकशे वीस पोत्यांतून जवळजवळ चारशे रत्तल रेती!"

एकनाथ म्हणाला, "साहेब, सीलचा चिमटा स्टोअरच्या खिळ्याला टांगलेला असतो. रेती काढून पुन्हा सील दाबता येतं. आणि याच्या घराचं जोतं चाललंय ना सध्या?"

"खारी रेती जोत्यात कोण घालतो रे, एकनाथ?" मेस्त्री म्हणाले. "भिंतीला जन्मभर ओल येईल."

"मेस्त्री, तुम्ही मध्ये बोलू नका," चीफ म्हणाले. "तपासनिसांना मी काय सांगू? कुणीतरी हात लावल्याशिवाय रेती कमी होत नाही. जयराम, पोती तुझ्या ताब्यात होती. बोल."

मला उत्तर ठाऊक होतं. ते दोन शब्दांचं होतं: पाणी उडालं. पण ते दोन शब्द म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता, ओली रेती कोणी जोखली? आणि त्याच्या पुढचा, हे तुला कधी कळलं?

जयराम माझ्याकडे वळला. तो शांत होता. त्याला वाटत होतं की हे प्रकरण आता मिटलंच.

"सायबांनाच विचारा," तो म्हणाला. "मी त्या दिवशीच सांगितलंय त्यांना, पोती हलकी झाल्यान, जोखून बघा म्हनून. चोरनारा मानूस असा सांगंल का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"काय रे?" चीफनी विचारलं. "असं म्हणाला होता हा?"

मी म्हटलं, "मला आठवत नाही, सर. त्या दिवशी गडबड होती."

खोलीत पंखा फिरत होता. जयरामने माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे. चाचणीच्या दिवशी ते पोतं तळहातावर घेऊन त्याने जसं पाहिलं होतं, तसं. मग त्याने सदऱ्यावरचा कारखान्याचा पितळी बिल्ला काढला, टेबलावर पोत्याशेजारी ठेवला, आणि कोणी जा म्हणण्याआधी निघून गेला.

संध्याकाळी मेस्त्री आणि मी सायकलींवरून पापडीला परत येत होतो. एरवी मेस्त्री वाटभर बोलायचे. त्या दिवशी रेल्वेचं फाटक ओलांडलं, अर्धा रस्ता संपला, आणि ते माझ्या पुढे सायकल दामटत राहिले. चर्चच्या वळणावर त्यांनी सायकल थांबवली.

"विद्या," ते म्हणाले, "त्या दिवशी मी पण हसलो होतो. मला आठवतंय."

मी खाली पाहिलं.

"खोलीत मी बोलायला पाहिजे होतं. पण म्हटलं, पोरगा शिकलेला आहे, आपल्याच गावचा आहे, तो बोलेल. त्याच्या आधी आपण कशाला तोंड उघडायचं." त्यांनी पायडलवर पाय ठेवला. "घरी आमच्या डेल्फिनला सांगू नकोस मी गप्प बसलो ते. ती मला जेवायला वाढणार नाही."

ते हसले नाहीत. मीही हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सायकल होडीत घालून खाडी ओलांडली आणि जयरामच्या गावी गेलो. घराचं जोतं खरंच चालू होतं. दगड नीट रचलेले, आणि बाजूला नदीच्या गोड्या रेतीचा ढीग. अंगणात त्याची बायको कृष्णाबाई मासळी साफ करत होती. मी कोण ते तिने ओळखलं. बस म्हणाली नाही.

"जयराम आहे?"

"मिठावर गेलाय. पावसाच्या आधी मीठ उचलाला मानसं लागतान. तिथं कोनी चोर म्हनत नाय त्याला."

मी येताना वाक्यं ठरवून आलो होतो. चूक माझी आहे, ती रेती ओली होती, मला क्षमा करा. मी ती सगळी तिला सांगितली. ती मासळी साफ करत राहिली. माझं बोलणं संपलं तेव्हा तिने हात धुतले.

"म्हंजे रेती वालली," ती म्हणाली.

"हो."

"येवढाच?"

"हो."

"अवो, आमचा मीठ पन तसाच. वला मीठ जोखून कोन घेईल? आमच्या पोरीला पन कलतं." तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "न हे मला कशाला सांगताव? हसलाव तिथं, चोर केलाव तिथं, न माफी मागाला इथं आलाव? इथं बघनारा कोन हाय? कोंबड्या?"

ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

परत येताना मी खाडीच्या काठावर थांबलो. ओहोटी होती. कॅरिअरला एक रिकामं पोतं होतं, त्यात मी हातांनी ओली रेती भरली. घरी जाईपर्यंत त्यातून पाणी ठिबकत राहिलं आणि माझी विजार मागून भिजली. आईने विचारलं, "हे काय आणलंस?" मी म्हटलं, "वजन." तिला काही कळलं नाही. रात्रभर पोतं ताडपत्रीत गुंडाळून ठेवलं, पाणी जाऊ नये म्हणून.

सोमवारी भोंगा होण्याआधी मी कारखान्यात गेलो. माणसं येऊ लागली तसं मी काटा शेडच्या मधोमध, चाचणीच्या चौकटीपाशी आणून ठेवला. एकनाथला म्हटलं, "ये, तू वाच." ओल्या रेतीचं पोतं पंचवीस रत्तल करून घेतलं. त्याने आकडा मोठ्याने वाचला. मग ती रेती मी पत्र्याच्या थाळ्यांत पसरली आणि लाकडाच्या गरम पेटीत ठेवली. कोणी विचारलं तर म्हणालो, "जेवणाच्या सुट्टीत सांगतो." चीफ खोलीतून बाहेर आले, पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत गेले. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत माणसं डबे घेऊन चौकटीभोवती बसली, चाचणीच्या दिवशी उभी होती तशीच. मी रेती त्याच पोत्यात परत भरली, एक कणही सांडू दिला नाही, आणि काट्यावर ठेवली.

"वाच," मी एकनाथला म्हटलं.

त्याने वाचलं. पुन्हा वाकून वाचलं. "पावणेबावीस," तो हळू म्हणाला.

"कोणी चोरली?" मेस्त्रींनी विचारलं. एकनाथ काट्यापासून बाजूला झाला.

मी बोलायला सुरुवात केली तेव्हा माझा आवाज मला परका वाटला. "रेती ओली असताना मी जोखली," मी म्हटलं. "ती वाळणार हे मला कळायला हवं होतं. चाचणीच्या दिवशी जयरामने सांगितलं, पोती हलकी झाली आहेत, जोखून बघा. मी त्याची टर उडवली. त्याच संध्याकाळी मी पोती जोखली आणि मला सगळं कळलं. मी गप्प बसलो. परवा साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, आठवत नाही. मला आठवत होतं."

कोणीतरी डब्यात चमचा ठेवल्याचा आवाज झाला. लोक हसतील, शिव्या देतील, असं मला वाटलं होतं. ते जेवत राहिले. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. उघड्या माणसाकडे पाहू नये म्हणून नजर वळवतात, तसे ते डब्यांकडे पाहत होते. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

"ऑफिसात ये," मागून चीफ म्हणाले.

खोलीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "किती दिवस माहीत होतं तुला?"

"दोन आठवडे."

"आणि तिकडे तीन विमानं जोडली जातायत." त्यांनी टेबलावरच्या बिल्ल्याकडे पाहिलं. तो शनिवारपासून तिथेच होता. "हा घेऊन जा. जयरामला आण. तू स्वतः जा. आणि पुन्हा चाचणी करायची, तोच पंख, नवी वजनं. तपासनिसांना मी तार करतो. ती तार लिहिताना मला कसं वाटेल याचा विचार कर."

जयराम मला मिठागरावर सापडला. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहून फळीने मीठ ओढत होता. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं, कारखान्यात सांगितलं होतं तेच आणि त्याच क्रमाने. मग बिल्ला पुढे केला. त्याने हात धुतला, बिल्ला घेतला.

"सगल्यांसमोर सांगितलात?"

"हो."

"येकनाथ होता?"

"त्यानेच वजन वाचलं."

त्याने मान हलवली. "उद्या उधानाची भरती हाय, मीठ काढून घ्यावा लागंल. बुधवारी येतो."

आणि तो फळी ओढायला लागला. मी थोडा वेळ थांबलो. तो आणखी काही बोलेल असं मला वाटत होतं.

मे संपायच्या आत चाचणी झाली. या वेळी गोडी रेती होती, गरम पेटीत वाळवलेली, आणि प्रत्येक पोतं पंखावर जाण्याआधी पुन्हा काट्यावर जात होतं. जयराम ते आधी तळहातावर घ्यायचा. एकदा तो म्हणाला, "हा जरासा कमी." काटा पावणेपंचवीसवर थांबला. मी चिमूटभर रेती घातली. या वेळी सोनाराची आठवण कोणी काढली नाही.

एकशे चौदाव्या पोत्याला पंख बोलला. आधी एक बारीक करकर, मग बुंध्याजवळ बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. प्लायवूड चिरलं आणि पोती जमिनीवर घसरली. तपासनीस उठून उभे राहिले. जयरामच्या हातात एकशे पंधरावं पोतं होतं. त्याने ते पंखावर ठेवलं नाही, जमिनीवर ठेवलं, अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसं.

शंभरातले पंचाण्णव. माझा हिशोब म्हणत होता एकशे बारा. म्हणजे तोही चुकला होता. मेस्त्रींनी चिरलेली जागा पाहिली आणि सांगितलं, इथे एक पट्टी जास्त हवी, मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. ते म्हणाले होते का, मला खरंच आठवत नाही. पण आता माझ्या तोंडचं हे वाक्य कोण खरं मानणार?

तिन्ही विमानांचे पंख उघडून पट्ट्या बसवायला सहा आठवडे लागले. त्यानंतर ती उडाली, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्या पंखांनी कधी दगा दिला नाही. मला लेखी ताकीद मिळाली. जयराम कामावर राहिला. रोज सकाळी "सायेब, सलाम" म्हणायचा, सांगेल ते काम चोख करायचा. फक्त माझ्याशी थट्टा करणं त्याने बंद केलं. दुसऱ्यांबरोबर तो करायचा. शेडच्या टोकाकडून त्याचा आवाज आणि लोकांचं हसणं ऐकू यायचं, आणि मी कागदातून मान वर काढायचो नाही.

पहिल्या चाचणीचा सुधारलेला अहवाल मलाच लिहायचा होता. त्यात चूक कशामुळे झाली हे सांगण्यासाठी एक परिच्छेद असतो. मी लिहिलं: ओल्या रेतीचे वजन केले. चाचणीच्या दिवशी पुन्हा वजन केले नाही. पोती हलकी झाल्याचे मुकादम जयराम यांनी भार चढवण्यापूर्वी सांगितले होते. मी हसलो.

चीफनी अहवाल वाचला. जयरामचं नाव त्यांनी तसंच ठेवलं. शेवटच्या वाक्यावर मात्र लाल पेन्सिलीने रेघ मारली.

"हे काढ," ते म्हणाले. "हसण्याला वजन नसतं."

मी काढलं. पण हसण्याचं वजन त्यांनी कधी जोखलं नव्हतं, आणि मी जोखलं होतं.